तुम्ही विचारलंत म्हणून : ग्लासचं ‘ओपनिंग’ कागदावर सोपं, मग हातात का अडतं?

अमेरिकन संगीतकार फिलिप ग्लासच्या पियानोच्या रचना वाचायला इतक्या सोप्या, मग वाजवताना घसरतात का, आणि सुरुवात कुठून करायची? पियानो शिकणारे हे दोन्ही प्रश्न बहुधा एका दमात विचारतात. सुरुवात ‘ओपनिंग’पासून करा. 1982 साली आलेल्या ‘ग्लासवर्क्स’ या अल्बमचा हा पहिला भाग, सहा मिनिटांच्या आसपासचा. तो का घसरतो, हेही याच रचनेत सगळ्यात स्पष्ट कळतं.

चार मात्रांच्या एका मापात (स्वरलिपीतल्या दोन उभ्या रेघांमधल्या भागात) उजवा हात बारा स्वर वाजवतो, डावा आठ. म्हणजे प्रत्येक मात्रेत तीनाला दोन. तबल्याशी ओळख असलेल्यांना ही आड लय लगेच कळेल, पण टाळीवर आड म्हणणं वेगळं आणि दोन हातांनी दोन लयी धरणं वेगळं. मात्रेचे सहा समान भाग करा. उजवा हात 1, 3, 5 वर पडतो, डावा 1 आणि 4 वर. ऐकू येणारा क्रम असा: दोन्ही, उजवा, डावा, उजवा. पियानो बंद ठेवून मांडीवर हा क्रम वाजवा, मेट्रोनोम (ठोके देणारं लययंत्र) मिनिटाला 40 ठोक्यांवर. बिघाड जवळजवळ नेहमी एकाच जागी होतो. डाव्याचा दुसरा स्वर 4 वर न पडता उजव्याच्या 3 किंवा 5 ला जाऊन चिकटतो आणि चाल लंगडी होते. वेग वाढवून हा दोष जात नाही, फक्त झाकला जातो. 40 वर सलग दोन मिनिटं क्रम टिकला की मगच 46 वर जा.

हात जुळले की पुढची अडचण मोजणीची. इथे चार-चार मापांचे तुकडे पुन्हा पुन्हा येतात आणि तिसऱ्या आवर्तनाला मन भरकटतं. कितवं आवर्तन चाललंय हे बोटांना कळत नाही. प्रत्येक आवर्तनाच्या पहिल्या मापावर पेन्सिलीने आकडा घाला आणि तो मनात मोठ्याने म्हणा. हे पोरकट वाटेल, पण याहून खात्रीचा उपाय मला माहीत नाही.

मापाच्या पहिल्या स्वरावर ठोका देऊ नका. यामागे एक खरी घटना आहे. 1960च्या दशकाच्या मध्यावर ग्लास पॅरिसमध्ये संगीतशिक्षिका नादिया बूलांजे यांच्याकडे शिकत होते, तेव्हा रविशंकरांचं ‘चापाक्वा’ चित्रपटाचं संगीत पाश्चात्त्य वादकांसाठी लिहून देण्याचं काम त्यांच्याकडे आलं. मापाच्या रेघा घातल्या की भलत्याच स्वरावर जोर पडायचा आणि तबलावादक अल्लारखाँ दर वेळी हरकत घ्यायचे. शेवटी ग्लास यांनी रेघाच पुसल्या, तेव्हा समोर दोन-दोन, तीन-तीनच्या गटांचा अखंड प्रवाह उरला. त्यांच्या पुढच्या संगीताचा पाया त्यात आहे. म्हणून सम मनात ठेवा, बोटात आणू नका.

हा पाया उघडा पाहायचा असेल तर 1968 ची ‘टू पेजेस’ काढा. तिच्यात स्वर फक्त पाच. सी ला षड्ज मानलं तर मंद्र पंचम, सा, रे, कोमल ग, म. आधी पाचाचा गट, मग पाच अधिक चार, मग पाच अधिक चार अधिक तीन, पुढे त्यात आणखी दोन. म्हणजे 5, 9, 12, 14. दोन्ही हात एकच सुरावट वाजवतात, त्यामुळे लपायला जागा नाही. रोज पाच मिनिटं हिच्यावर घातलीत तर ‘ओपनिंग’मधली गणती आपोआप हलकी होते.

आता पेडल, म्हणजे स्वर लांबवणारा उजव्या पायाखालचा. स्वरमेळ (एकत्र वाजणाऱ्या स्वरांचा गट) बदलतो तिथेच पेडल बदलायचं आणि तेही स्वर वाजल्यानंतर क्षणभराने: बोट खाली जाताना पाय वर, आवाज धरला की पाय परत खाली. पाय आधी उचलला तर खर्जाचा लांब स्वर तुटतो आणि सगळं कोरडं पडतं. उशीर केला तर जुना स्वरमेळ नव्यात मिसळून गढूळ होतो. आणखी एक गोष्ट लक्षात येत नाही: धरलेल्या पेडलमध्ये नाद साठत जातो, आणि तुम्ही न वाढवताही आवाज वाढतो. दर आवर्तनाला ‘भाव’ म्हणून चढउतार घालण्याची सवय मला या संगीताला मारक वाटते. बदल हवाच असेल तर वजन हलवा. एका आवर्तनात खर्ज किंचित पुढे, पुढच्यात उजव्याचा वरचा स्वर. लय मात्र दगडी ठेवायची गरज नाही. ग्लास यांचं स्वतःचं वादन ऐका, ते वाक्याच्या शेवटी श्वास घेतात. मेट्रोनोम सरावापुरता.

हात दुखतो तो बहुतेक डाव्या हाताच्या झुलत्या दोन स्वरांमुळे. 1988 च्या ‘मेटामॉर्फोसिस’च्या पाच रचनांमध्ये हा झुला सतत भेटतो. बोटं एकेक उचलून तो वाजवला की कोपराखालचा स्नायू दोन मिनिटांत आखडतो. दाराची मूठ फिरवतो तसा कोपरापासूनचा हात इकडून तिकडे कलता ठेवा, बोटं पियानोच्या पट्टीला (की) टेकलेलीच. अंगठा ताठ उभा राहिला तर समजा ताण आलाय. थकवा चालेल, दुखणं चालणार नाही. दुखलं की तिथेच थांबा.

‘मॅड रश’ मूळची ऑर्गनसाठी. 1979 मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट जॉन द डिव्हाइन कॅथेड्रलमध्ये दलाई लामांच्या आगमनासाठी ती वाजली. ते नेमके कधी पोहोचतील हे ठाऊक नव्हतं, म्हणून हवी तितकी लांबवता येईल अशी तिची घडण. शांत भाग आणि वेगवान भाग आळीपाळीने येतात. वेगवान भागात सगळी ताकद पहिल्याच फेरीत खर्च होते, म्हणून तिथे मधल्याच आवाजावर थांबा.

वीस एट्यूड (सरावासाठीच्या रचना) शेवटी. पहिले सहा 1994 मध्ये कंडक्टर डेनिस रसेल डेव्हिस यांच्या पन्नाशीनिमित्त लिहिले गेले, विसांचा संच 2012 मध्ये पुरा झाला. पहिले दहा ग्लास यांनी स्वतःची बोटं सुधारण्यासाठीही लिहिले, हे वाजवताना जाणवतं. सहावा एकाच पट्टीवर झरझर परतणाऱ्या स्वरांचा आहे. तो उभ्या पियानोवर अडखळला तर दोष बोटांचाच असेल असं नाही. ग्रँड पियानोत पट्टी पूर्ण वर यायच्या आत हातोडी पुन्हा मारता येते, उभ्या पियानोत पट्टी जवळजवळ वरपर्यंत यावी लागते. तेव्हा वेग थोडा कमी धरा, एकाच बोटाने न मारता 3-2-1 (मधलं बोट, तर्जनी, अंगठा) अशी बोटं बदला आणि प्रत्येक बोट पट्टीवरून आतल्या बाजूला ओढून घ्या, म्हणजे पट्टीला वर यायला वाट मिळते.