सुप्रमा आणि तरंगता पूल

2025च्या कोजागिरीला आमच्याकडे बारा-चौदा माणसं होती. चंद्र ढगात. इथं ऑक्टोबरात तो बहुतेक ढगातच असतो, त्यामुळे मसाला दूध हॉलमध्येच उरकलं. दुसऱ्या कपाला विषय निघाला रेल्वेचा. सिअ‍ॅटलच्या पूर्वेला, लेक वॉशिंग्टन या तळ्याच्या अलीकडच्या काठाला बेलव्ह्यू, रेडमंड अशी उपनगरं आहेत. इथं चार मराठी टाळकी जमली की आधी व्हिसा, मग घरांच्या किमती आणि मग ही लाइट रेल, म्हणजे मेट्रोसारखी शहरातली गाडी, असा क्रम ठरलेला आहे.

"त्या पैशात घरटी एक टेस्ला वाटता आली असती," आमच्यातले एक काका म्हणाले. ते तीस वर्षांपासून इथं आहेत आणि हे वाक्य दरवर्षी म्हणतात.

"आणि वाटलेल्या टेस्ला उभ्या कुठं करायच्या?" माझ्या नवऱ्याने विचारलं. हेही दरवर्षीचंच.

त्या वर्षी नवीन होते ते बाबा. आईबाबा सहा महिन्यांसाठी पुण्याहून आले होते. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. त्यांचं निम्मं आयुष्य अंदाजपत्रकं तपासण्यात गेलं. ते कप खाली ठेवून म्हणाले, "एस्टिमेट किती होतं? मूळ सांगा, सुधारित नंतर बघू."

सुमारे 3.7 अब्ज डॉलर. सिअ‍ॅटलच्या चायनाटाउनपासून रेडमंडच्या मायक्रोसॉफ्टपर्यंत 14 मैल, 10 स्टेशनं. बाबांनी खिशातली डायरी काढली, मैलाचे किलोमीटर केले, डॉलरचे रुपये केले. किलोमीटरला साधारण 1,400 कोटी रुपये. मग पुण्याच्या मेट्रोचा पहिला टप्पा त्यांना पाठच होता: मंजुरीच्या वेळी 11,420 कोटी, 31 किलोमीटर. म्हणजे किलोमीटरला 365 कोटींच्या आसपास. "चौपट," ते म्हणाले, आणि काकांना इतका आनंद झाला की त्यांनी स्वतःहून बाबांच्या कपात दूध ओतलं.

वर्षं वेगळी, मजुरी वेगळी, जमिनीचे भाव वेगळे, हे सगळं मी सांगितलं. पण आकडा एकदा डायरीत गेला की गेला.

हे भांडण इथं माझ्या वयापेक्षा जुनं आहे. 1968 मध्ये सिअ‍ॅटलकरांना विचारलं होतं की रेल्वेसाठी कर्जरोखे काढू का. साठ टक्के मतं लागत होती, निम्म्याहून जेमतेम थोडी जास्त पडली. 1970 मध्ये पुन्हा विचारलं तोवर बोइंगने हजारो माणसं घरी पाठवली होती. तेव्हा निम्मीही पडली नाहीत. केंद्र सरकारने जो पैसा यासाठी राखला होता तो अटलांटाला गेला आणि त्यांची मेट्रो उभी राहिली. सिअ‍ॅटलमध्ये लाइट रेल धावायला 2009 उजाडलं. इथली जुनी माणसं अटलांटाचं नाव अशा सुरात काढतात, जणू ठरलेलं लग्न मोडून मुलगा दुसऱ्या घरी गेला.

आमच्या बाजूच्या रेल्वेला मतदारांनी 2008 मध्ये होकार दिला आणि 2016 मध्ये त्याहून कितीतरी मोठ्या, 54 अब्ज डॉलरच्या योजनेलाही. खरी बोंब त्यानंतर झाली. या राज्यात पगारावर आयकर नाही, त्यामुळे पैसा येतो विक्रीकरातून, घरपट्टीतून आणि गाडीच्या नोंदणीतून. नोंदणीसाठी गाडीची किंमत धरायला जे जुनं कोष्टक वापरलं, त्यात गाडी बाजारभावापेक्षा महाग दिसते. तुमची तीन वर्षं वापरलेली गाडी विकायला काढलीत तर जो भाव कोणी देणार नाही, त्यावर कर भरायचा. लोक चिडले. 2019 मध्ये गाडीची नोंदणी 30 डॉलरमध्ये करा असा प्रस्ताव राज्यभरात मंजूर झाला आणि पुढच्या वर्षी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला. मी दरवर्षी तो कर भरते, रेल्वेच्या बाजूने बोलते, आणि भरताना जे पुटपुटते ते इथं लिहिण्यासारखं नाही.

काकांचं म्हणणं सगळंच खोटं नाही. बेलव्ह्यूसारख्या शहराच्या मध्यावर स्टेशन हवं, तर ते शहराच्या कडेला, सिटी हॉलपाशी आहे. डाउनटाउनखाली बोगदा खणला, त्यासाठी शहराने वेगळा वाटा उचलला, आणि त्या बोगद्यात स्टेशन एकही नाही! गाडी अंधारातून बाहेर येते आणि मग थांबते. तिथून बेलव्ह्यू स्क्वेअर मॉलला दहा-बारा मिनिटं पायपीट. त्या मॉलचे मालक केंपर फ्रीमन यांनी तर या रेल्वेविरुद्ध कोर्टात दोनदा धाव घेतली. त्यांचा मुद्दा असा की तळ्यावरचा पूल पेट्रोलच्या करातून बांधलेला, त्याच्या मार्गिका गाड्यांसाठीच हव्यात. 2011 आणि 2013, दोन्ही वेळा हरले. आणि दुपारी दोन वाजता आमच्या गाडीत डोकी मोजायची तर दोन्ही हातांची बोटं पुरतात.

पण मला जे काकांना सांगायचं होतं, ते त्या रात्री गर्दीत राहून गेलं.

आईचा हा तिसरा मुक्काम. पहिल्या दोन्ही वेळी ती, स्वच्छ सांगायचं तर, नजरकैदेत होती. ज्यांचे आईवडील अमेरिकेत येऊन गेलेत त्यांना हे सांगायला नको. आम्ही आठ वाजता बाहेर. घराबाहेर रस्ता सुंदर, फुटपाथ सुंदर, आणि चालत जाण्यासारखं ठिकाण एकही नाही. कोथरूडला ही बाई वनाजहून मेट्रो पकडते, कोर्टापाशी बदलते, मंडईतून भाजी घेऊन घरी येते. इथं आली की शनिवारची वाट बघते, जावई गाडी काढेल म्हणून. गेल्या खेपेला तिने मला विचारलं होतं, "तुमच्याकडे माणसं कुठं असतात गं?" मी सांगितलं, गाडीत.

आमच्या ओव्हरलेकला पहिली गाडी आली 27 एप्रिल 2024 रोजी, आणि मे 2025 मध्ये ती थेट रेडमंडच्या डाउनटाउनपर्यंत गेली. घरापासून स्टेशन नऊ मिनिटं. पासष्टीच्या वरच्यांना सवलतीचं कार्ड मिळतं, एका फेरीला 1 डॉलर, बाकीच्यांना 3. पहिल्या दिवशी मी बरोबर गेले. आई फलाटाच्या तोंडाशी थबकली, कारण तिला दार दिसेना. इथं दारच नाही. एक पिवळा खांब, त्याला कार्ड टेकवायचं, टुण्ण वाजतं, झालं. न टेकवताही सरळ आत जाता येतं. अधूनमधून तपासायला कोणी आलं तर आलं.

"आणि कोणी नाहीच टेकवलं तर?"

"तर नाही टेकवलं."

तिने कार्ड टेकवलं. मग खात्री नाही म्हणून पुन्हा टेकवलं. मागच्या मुलाने, कानात बोंडं घातलेल्या, काहीही न टेकवता तिला वळसा घातला आणि आत गेला. आईने त्याच्याकडे जे बघितलं ते मराठी शाळांमधल्या मुलांना ओळखीचं आहे.

पुढच्या आठवड्यात ती रेडमंडला एकटी गेली. मी मीटिंगमध्ये, फोन उलटा ठेवलेला, पण लक्ष तिकडेच. अकरा वाजून चार मिनिटांनी व्हॉट्सअ‍ॅप: "पोचले. बाकावर बसले आहे." त्यानंतर पाऊण तास काही नाही. मग एका पिशवीचा फोटो. पिशवीतून मेथीची जुडी बाहेर डोकावतेय. आता आठवड्यातून दोनदा जाते. लायब्ररीत मराठी पुस्तकं नाहीत म्हणून तक्रार करते, पण बसते तिथं तासभर. दुपारच्या त्याच रिकाम्या गाडीने येते, जिच्यात मी बोटांवर माणसं मोजली होती. त्या बोटांतलं एक बोट म्हणजे माझी आई.

हे एस्टिमेटमध्ये कुठल्या रकान्यात धरायचं? बाबांना विचारलं. ते म्हणाले, "अप्रत्यक्ष लाभ. आम्हीही लिहायचो. कोणी वाचायचं नाही."

कोजागिरीनंतरच्या एका रविवारी दोघांना साउथ बेलव्ह्यूला घेऊन गेले. पूर्वेची गाडी तेव्हा इथं संपायची, पुढे तळं. त्यावरचा पूल तरंगता आहे, म्हणजे काँक्रीटच्या पोकळ पेट्यांवर पाण्यात पोहणारा रस्ता. तरंगत्या पुलावरून लाइट रेल तोवर जगात कुठंही गेलेली नव्हती. ऋतूप्रमाणे तळं साधारण दोन फूट वरखाली होतं, तेव्हा पूल हलणार आणि रूळ वाकून चालणार नाहीत. म्हणून काठ आणि तरंगता भाग यांच्यामध्ये बिजागरीसारखे सांधे बसवलेत. रुळांतली वीज झिरपून पेट्यांतलं लोखंड गंजू नये याचीही सोय करावी लागली. मी हे सगळं सांगत होते आणि बाबांच्या चेहऱ्यावर निवृत्तीनंतर पहिल्यांदा तो साइटवरचा भाव आला होता.

मग पुढचं सांगितलं. हा तुकडा 2023 मध्ये सुरू व्हायचा होता. रुळांखालचे काँक्रीटचे ठोकळे नीट झाले नव्हते, हजारोंनी फोडून पुन्हा ओतले. म्हणूनच आमची पूर्वेची गाडी गावातल्या गावात आधी सुरू झाली आणि शहराला जोडायची राहिली.

"फोडले?" बाबा थांबले. "मग सुप्रमा घेतली असणार."

सुप्रमा म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता. महाराष्ट्रात ज्याने एखाद्या धरणाची बातमी वाचलीय त्याला हा शब्द सांगायला नको. अमेरिकेतही ठोकळे फुटतात, तारखा पुढे जातात, आकडे फुगतात, याचा बाबांना झालेला आनंद काकांच्या आनंदापेक्षा वेगळा होता. मी त्यांना वेस्ट सिअ‍ॅटलच्या मार्गाचं अजून सांगितलेलं नाही. आधी 4 अब्ज म्हणत होते, नंतर 7 म्हणायला लागले.

तेवढ्यात पश्चिमेकडून चाचणीची गाडी आली. रिकामी, आतले सगळे दिवे लावलेले, अगदी हळू. बाबांनी घड्याळ बघितलं, डायरीत वेळ लिहिली. "बरोबर करतायत," म्हणाले. "धरणसुद्धा पहिल्या वर्षी पूर्ण भरत नाहीत."

आई मात्र फलाटावरच्या नकाशापुढे उभी होती. "पलीकडे गेलं की मंडई आहे का गं?"

"आहे. पाइक प्लेस मार्केट. पूल सुरू झाला की इथून सहावं स्टेशन, मग थोडं चालायचं. मासे, फुलं, सगळं मिळतं."

"मेथी?"

"मेथी नाही दिसली कधी."

"मग रेडमंडच बरं," ती म्हणाली आणि पिवळ्या खांबाला कार्ड टेकवायला निघाली.