फिटच्या गोळीला नागा नको

दसरा झाला की बीड, धारूर, केज, वडवणी, पाटोद्याकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या उचल घेऊन साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. ट्रॅक्टरमध्ये ज्वारीची पोती चढतात, भांडी, अंथरुणं, लेकरं चढतात, आणि फिटची गोळी घेतलेली असते पंधरा दिवसांची. दिवाळीच्या आसपास ती संपते. फडावरून गावातलं मेडिकल लांब, चिठ्ठी घरी पेटीत राहिलेली, मुकादम सुट्टी देत नाही. दोन-चार दिवस गोळीविना जातात आणि मग फिट येते. कधी पाण्याच्या टाकीजवळ, कधी चुलीपुढं, कधी कोयता हातात असताना. घरचे म्हणतात, "गोळी चालू असूनबी फिट आली, या गोळीत दमच नाही." उपचार चालू असलेल्या माणसाला पुन्हा फिट येण्यामागं औषधाची अशी नागा हे सगळ्यात नेहमीचं कारण आहे.

मिरगी, फेफरं, आकडी, काहीही म्हणा, यावरची गोळी डोकेदुखीच्या गोळीसारखी नसते. ती दुखणं उठल्यावर घ्यायची नसून रक्तात तिचं प्रमाण सतत टिकवायचं असतं. रक्तातलं औषध निम्मं व्हायला किती वेळ लागतो, हे प्रत्येक औषधाचं वेगळं. लेव्हेटिरॅसिटॅम ६ ते ८ तासांत निम्मं होतं, म्हणून साधी गोळी दिवसातून दोनदा, १२ तासांच्या अंतरानं घ्यायची. सकाळी नऊला आणि दुपारी चारला घेतली तर चार ते नऊ असा १७ तासांचा खड्डा पडतो, आणि फिट नेमकी त्या खड्ड्यात, पहाटे येते. फेनोबार्बिटोन म्हणजे गार्डिनल, ते निम्मं व्हायला तीन-चार दिवस घेतं. एखादी गोळी चुकली तर लगेच काही जाणवत नाही, आणि म्हणूनच लोक बेफिकीर होतात. पण तेच गार्डिनल अचानक सोडलं तर काही दिवसांनी एकामागून एक फिट येऊ शकतात.

म्हणून बाहेरगावी जाण्याआधीचा हिशोब कागदावर करा. लेव्हेटिरॅसिटॅम ५०० मिग्रॅ दिवसाला दोन असेल तर पाच महिन्यांच्या १५० दिवसांना ३०० गोळ्या, वर पंधरा दिवसांची राखीव म्हणून ३०. म्हणजे दहा-दहाच्या ३३ स्ट्रिप. सरकारी दवाखान्याच्या खिडकीवर अनेकदा एका वेळी पंधरा दिवसांची किंवा महिन्याची गोळी मिळते. तिथं डॉक्टरांना "ऊसतोडीला चाललो, अमुक महिन्यात परत येणार" असं आधीच सांगा आणि जास्तीची मागा. छत्रपती संभाजीनगरच्या घाटीत, नांदेडला, लातूरला किंवा अंबाजोगाईला मेडिकल कॉलेजात केसपेपर असेल तर त्यावर औषधाचं मूळ नाव, ताकद आणि वेळा स्पष्ट लिहून घ्या. त्या कागदाचा फोटो नवरा-बायको दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा, आणि घरी मागं राहिलेल्या म्हाताऱ्यांकडं एक झेरॉक्स. सांगली, कोल्हापूर किंवा बेळगावकडं गोळी संपली तर या कागदावर तिथल्या सरकारी दवाखान्यात औषध मागता येतं. गोळ्या दोन जागी विभागून न्या. एक पिशवी हरवली किंवा भिजली तरी दुसरी हाताशी राहते.

ठेवण्याची जागा याहून कमी महत्त्वाची वाटते, पण तिथंही बरंच बिघडतं. बहुतेक गोळ्यांच्या पाकिटावर २५ किंवा ३० अंशांखाली ठेवा असं छापलेलं असतं. वैशाखात मराठवाड्यात बाहेरच ४२-४३ अंश असतं, आणि पत्र्याच्या खोलीत फळीवर, पत्र्याला लागून, त्याहून जास्त. घरात माठ ठेवतात त्या बाजूच्या गार कोपऱ्यात, जमिनीपासून थोडं वर, बंद डब्यात औषध ठेवा. माठाला मात्र चिकटून नको, तिथं ओल असते. ओल हा कार्बामाझेपिनचा, म्हणजे टेग्रिटॉल किंवा मॅझेटॉलचा, शत्रू आहे. दमट हवा खाल्लेली गोळी कडक होते, पोटात नीट विरघळत नाही आणि तिचा एक तृतीयांश किंवा त्याहून जास्त असर जाऊ शकतो. दिसायला ती गोळी तशीच दिसते. व्हॅल्प्रोएटच्या गोळ्याही हवेतली ओल ओढून घेतात. त्यामुळं आठवडाभराच्या गोळ्या स्ट्रिपमधून फोडून डबीत भरून ठेवायची सवय या दोन औषधांना लावू नका. स्ट्रिपच कात्रीनं कापून, एकेका गोळीचा तुकडा न फोडता डबीत ठेवा. मोजायचं सोपं होतं आणि गोळीही झाकलेली राहते.

लेकरांच्या सिरपचं वेगळंच. फेनिटोइनचं सिरप तळाशी बसतं. न हलवता ओतलं तर बाटली नवी असताना पोराला पातळ, कमी औषध जातं आणि फिट येते. बाटली संपत आली की घट्ट, जास्त औषध जातं आणि पोर झोकांड्या खाऊ लागतं. प्रत्येक वेळी नीट हलवा. चहाचा चमचा मापाला घेऊ नका, कुठला चमचा ३ मिलीचा असतो, कुठला ७. मेडिकलमधून सुई नसलेली ५ मिलीची सिरिंज आणा आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या मिलीच्या रेघेवर पेनानं खूण करा. बाटलीवरची ताकदही बघा. फेनिटोइनचं सिरप ५ मिलीत ३० मिग्रॅचंही मिळतं आणि १२५ मिग्रॅचंही. दुकानदारानं दुसरी बाटली दिली आणि तुम्ही पहिल्याच मापानं पाजलं, तर पोराला चौपट औषध जातं.

फेनिटोइन, म्हणजे एप्टोइन, गावोगाव चालतं, स्वस्त आहे, आणि नीट घेतलं तर चांगलं काम करतं. पण त्याची एक खोड समजून घ्यायला हवी. लिव्हर हे औषध एका मर्यादेपर्यंतच निचरा करू शकतं. त्या मर्यादेजवळ पोहोचलेल्या माणसानं रोज ३०० मिग्रॅच्या जागी ४०० घेतलं, तर रक्तातलं प्रमाण तितक्याच पटीनं न वाढता दुप्पट किंवा त्याहून जास्त होऊ शकतं. "एक गोळी वाढवून बघू" हा प्रयोग इथं अजिबात चालत नाही. चालताना झोक जाणं, बोबडी वळणं, एकाचे दोन दिसणं, डोळे लकलकणं ही औषध जास्त झाल्याची चिन्हं आहेत. गावात याला दारू प्यायल्याचं समजून हसतात, तोवर आठवडा निघून जातो. रक्तातली पातळी तपासायची तर सकाळची गोळी घेण्याआधी रक्त द्या. प्रौढांत ती सहसा मिलीलीटरला १० ते २० मायक्रोग्रॅम असावी लागते. हिरड्या सुजून वाढतात त्याही याच गोळीनं, म्हणून दोन वेळा दात घासणं इथं उपचाराचाच भाग आहे. थोड्या फरकानंही रक्तातलं प्रमाण बरंच बदलतं, म्हणून फेनिटोइनची कंपनीही वारंवार बदलू नये. जन औषधीची गोळी चांगली आहे, पण एकदा ती घेतली की तीच चालू ठेवा. दर महिन्याला जे हाताला लागेल ते घेऊ नका. बदलावीच लागली तर डॉक्टरांना सांगून.

गोळी चुकली तर काय? दोन वेळच्या गोळीत पाच-सहा तासांच्या आत आठवलं तर लगेच घ्या. पुढची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्या आणि नेहमीच्या वेळी एकच घ्या. भरपाई म्हणून दोन एकदम नकोत. गोळी घेतल्यावर पाव-अर्ध्या तासात उलटी होऊन गोळी बाहेर पडलेली दिसली तर परत घेता येते, त्यानंतर उलटी झाली तर नाही. सलग काही दिवस चुकल्या असतील तर आधी फोन करा. लॅमोट्रिजिनला तर फोन केल्याशिवाय पुढं जाऊच नका. पाच दिवसांहून जास्त नागा पडला की ते पुन्हा पूर्ण डोसनं सुरू करता येत नाही, पहिल्यासारखं थोड्यापासून चढवावं लागतं, नाहीतर अंगावर घातक पुरळ उठू शकतं.

हे पुरळ फेनिटोइन, कार्बामाझेपिन, फेनोबार्बिटोन या सगळ्यांनीही उठू शकतं, बहुधा पहिल्या दोन महिन्यांत. नवी गोळी चालू असताना अंगावर लाल चट्टे, ताप, तोंडात फोड, डोळे लाल, यातलं काहीही दिसलं तर पुढची गोळी घेण्याआधी, त्याच दिवशी दवाखाना गाठा. "कांजिण्या आल्या, देवी अंगात आली" म्हणून कडुलिंबाच्या पाल्यावर झोपवू नका. ज्या औषधानं असं झालं त्याचं नाव लाल शाईनं केसपेपरवर लिहून घ्या, कारण यातल्या एकानं पुरळ उठलं तर दुसऱ्यानंही उठायची शक्यता असते. लेव्हेटिरॅसिटॅमला पुरळाची भीती कमी, पण काही जण त्यानं चिडचिडे, उदास होतात. घरातल्या गड्याचा स्वभाव नव्या गोळीनंतर पालटला, जिवाचं बरंवाईट करायच्या गोष्टी निघू लागल्या, तर त्याला नाटक समजू नका, डॉक्टरांना सांगा.

आता दुसऱ्या औषधांशी भांडण. टीबीची औषधं चालू झाली तर फिटच्या गोळीचं गणित बदलतं: आयसोनियाझिड फेनिटोइन आणि कार्बामाझेपिन वाढवतं, रिफाम्पिसिन उतरवतं. त्यामुळं टीबीच्या दवाखान्यात पहिल्याच दिवशी फिटच्या गोळ्या दाखवा. एरिथ्रोमायसिन किंवा क्लॅरिथ्रोमायसिननं कार्बामाझेपिन वाढून गरगरतं. दुखण्याची ट्रामाडॉल आणि जुलाब-लघवीसाठी सर्रास मिळणाऱ्या सिप्रोफ्लॉक्सासिनसारख्या गोळ्या फिटचा उंबरठाच खाली आणतात. कापूर पोटात गेला तरी झटके येतात, म्हणून लेकराला सर्दीत कापूर चाटवणं बंद. आणि मिरगीवरच्या नाव नसलेल्या पुड्या: अशा काही पुड्या तपासल्यावर त्यांत चक्क फेनोबार्बिटोन सापडलेलं आहे. म्हणजे माणूस माप माहीत नसलेली इंग्रजी गोळीच खात असतो, आणि पुडी संपली की झटके जोरात येतात.

बायकांबद्दल सविस्तर बोललं पाहिजे, कारण इथं लपवाछपवी फार आहे. लग्न ठरताना सांगत नाहीत, मग सासरी गोळी लपवून घ्यावी लागते आणि पाहुण्यांच्या गर्दीत ती चुकते. मिरगीच्या आधारावर लग्न रद्द करण्याची तरतूद हिंदू विवाह कायद्यातून १९९९ साली काढून टाकलेली आहे. सांगून केलेलं लग्न गोळीसाठीही सोयीचं. व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या बाईला गर्भ राहिला तर दहातल्या सुमारे एका बाळात मोठं व्यंग असू शकतं, आणि दहातल्या तीन-चार बाळांच्या बोलण्या-शिकण्यावर परिणाम होऊ शकतो. म्हणून वयात येणाऱ्या मुलीला ही गोळी चालू असेल तर आई-बापांनी डॉक्टरांना दुसरा पर्याय आहे का हे विचारावंच. पण दिवस गेल्याचं कळल्यावर घाबरून गोळी एकदम बंद करू नका. मोठी फिट आई-बाळ दोघांच्या जिवावर बेतते. त्याच आठवड्यात दाखवा. फॉलिक ॲसिड ५ मिग्रॅ गर्भ राहण्याआधीपासून, डॉक्टरांच्या सल्ल्यानं. फेनिटोइन, कार्बामाझेपिन, फेनोबार्बिटोन घेणाऱ्या बाईला माला-एनसारखी गर्भनिरोधक गोळी पुरत नाही, गोळी घेऊनही दिवस जाऊ शकतात. तांबी किंवा 'अंतरा' नावाचं गर्भनिरोधक इंजेक्शन चालतं, आशाताईंना विचारा.

उपवास धरलाच तर गोळी सोडू नका. नवरात्रातही घोटभर पाण्यानं घेतलेल्या गोळीनं उपवास मोडत नाही, असं घरातल्या वडीलधाऱ्यांकडूनच वदवून घ्या, ते जास्त पटतं. रोज्यात दोन वेळची गोळी सहेरीला आणि इफ्तारला बसवता येते. तीन वेळची असेल तर रमजानच्या महिनाभर आधी डॉक्टरांकडून लांब असर करणारी गोळी होते का ते विचारा. अशी सीआर किंवा क्रोनो गोळी कुटून, चावून घ्यायची नसते; मध्ये रेघ असेल तर डॉक्टरांच्या सांगण्यावरून अर्धी करता येते. उपवासाहून जागरण वाईट. कोजागिरीला तुळजापूरला रात्रभर पायी निघणाऱ्यांनी गोळी खिशात ठेवावी, आणि रात्री मुक्काम करून चालावं.

फिट आलीच तर कुशीवर वळवा, डोक्याखाली गमछा ठेवा, घड्याळ बघा. कांदा, चप्पल, किल्ली, तोंडात चमचा, पाणी, यातलं काहीही नको. पाच मिनिटांत थांबली नाही किंवा शुद्धीवर न येता दुसरी सुरू झाली तर १०८ ला फोन. डॉक्टरांनी मिडाझोलामचा नाकातला स्प्रे दिला असेल तर तो पाच मिनिटं व्हायच्या आत काढून हातात घ्या. माप किलोला ०.२ मिग्रॅच्या आसपास असतं. एका फवाऱ्यात ०.५ मिग्रॅ असेल तर १५ किलोच्या लेकराला सहा फवारे, तीन-तीन दोन्ही नाकपुड्यांत. पण १.२५ मिग्रॅची बाटलीही मिळते, तिचे सहा मारले तर श्वास मंदावू शकतो. तुमच्या लेकराला किती फवारे, हे डॉक्टरांकडून बाटलीवर पट्टी चिकटवून लिहून घ्या, आणि लेकराचं वजन वाढलं की पट्टी बदला. शाळेत बाईंकडंही तीच बाटली, तीच पट्टी.

आणि गोळी कधी बंद होणार? सहसा सलग दोन वर्षं फिट न आल्यावर डॉक्टर त्याचा विचार करतात. मेंदूच्या तपासण्या आणि फिटचा प्रकार बघून काहींना ती थांबवता येते. पहाटे हात उडणाऱ्या तरुण मुलामुलींच्या प्रकारात बहुतेकांना नाही. थांबवायचीच तर काही महिने लावून थोडी-थोडी कमी करतात, गार्डिनल आणि क्लोबाझाम तर आणखी सावकाश. या काळात विहिरीवर मोटार सुरू करायला एकट्यानं जाऊ नये, मोटरसायकल चालवू नये. म्हणून कमी करायला सुगी आटोपलेली, माणूस घरी असलेला काळ निवडा. टोळी निघायच्या तोंडावर कधीच नको.