बीपीची गोळी, अंगदुखीची गोळी आणि सोलापूरचा मे महिना

यंत्रमागापाशी उभं राहून किंवा विड्या वळत बसून ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांचे गुडघे आणि कंबर साठीनंतर सारखे दुखतात. मग चौकातल्या मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय ‘अंगदुखीची गोळी’ येते. ती बहुधा डायक्लोफेनॅक किंवा असिक्लोफेनॅक असते. त्याच डब्यात बीपीची गोळीही असते, टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड एकत्र असलेली. पट्टीवर नावापुढे जो ‘एच’ असतो, ते लघवी वाढवणारं औषध. हे आजोबांना सहसा कोणी सांगितलेलंच नसतं.

या तिन्ही औषधांचा भार मूत्रपिंडावर पडतो. लघवीची गोळी अंगातलं पाणी कमी करते. पाणी कमी झालं की मूत्रपिंड आत येणारी रक्तवाहिनी रुंद ठेवून आणि बाहेर जाणारी आवळून गाळणीतला दाब टिकवतं. दुखण्याची गोळी आत येणारी वाहिनी रुंद होऊ देत नाही, टेल्मिसार्टन बाहेरची सैल करतं. दाब पडतो, गाळणं मंदावतं, पोटॅशियम वाढू शकतं. धोका पहिल्या महिनाभरात सर्वात जास्त. त्यात पारा बेचाळीसच्या वर, घाम आणि एखादा जुलाबाचा दिवस, मूत्रपिंड बिघडायला एवढं पुरतं. शिवाय दुखण्याच्या गोळीने बीपी चढतं आणि मग बीपीचाच डोस वाढवला जातो.

मूत्रपिंडाचं काम बघायला रक्तातलं क्रिएटिनिन तपासतात, पण ‘क्रिएटिनिन नॉर्मल आहे’ यावर विसंबू नये. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं, आणि वाळलेल्या म्हाताऱ्या शरीरात स्नायूच कमी असतात. मूत्रपिंड मिनिटाला साधारण किती मिलिलिटर गाळतं हे काढायचं तर १४० मधून वय वजा करा, किलोतल्या वजनाने गुणा, आलेल्या आकड्याला ७२ गुणिले क्रिएटिनिनने भागा. बाई असेल तर ०.८५ ने गुणा. ७८ वर्षांच्या, ४५ किलोच्या आजींचं क्रिएटिनिन १.१ असेल तर उत्तर येतं जेमतेम ३०. म्हणजे गाळणं बरंच मंदावलेलं, पण रिपोर्टवर त्या १.१ खाली लाल रेघही नसते. अशा वेळी नसांच्या दुखण्यावरच्या प्रीगाबालिनसारख्या औषधांचा डोस कमी करावा लागतो, मधुमेहाच्या मेटफॉर्मिनचाही फेरविचार लागतो.

दुखण्यावर आधी पॅरासिटामॉलची ५०० मिलिग्रॅमची गोळी द्यावी, दिवसाला सहापेक्षा जास्त गोळ्या नाहीत. पन्नास किलोच्या आतल्या माणसाला चारवर थांबलेलं बरं. सर्दीच्या आणि दुखण्याच्या मिश्र गोळ्यांतही तेच असतं, ते मोजायचं. गुडघ्याला डायक्लोफेनॅकचं मलम चालतं, पोटातल्या गोळीपेक्षा रक्तात फारच कमी जातं.

सर्दीच्या गोळीतल्या क्लोरफेनिरामिनमुळे प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषाची लघवी अडते. बीपीच्या अ‍ॅम्लोडिपिनने पाय सुजतात आणि त्या सुजेवर लघवीची गोळी लिहिली जाते. खरं तर अ‍ॅम्लोडिपिन कमी करून बघायला हवं. झोपेची अल्प्राझोलाम रात्री उठताना पाडते, पण रोज घेणाऱ्याने एकदम सोडू नये, हळूहळू उतरवावी.

अक्कलकोट-मोहोळहून तपासणीला येताना फाइलबरोबर घरातला सगळा डबा आणा: मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या, चूर्ण, काढे, शेजारणीने दिलेली पट्टीसुद्धा. एकच औषध दोन नावांनी सापडतं ते तिथेच. उलट्या-जुलाब लागले तर त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा, बीपीची आणि लघवीची गोळी आज द्यायची की थांबवायची. टेल्मिसार्टन सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर एक-दोन आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासून घ्या, उन्हाळा असेल तर पहिल्याच आठवड्यात.