सिग्नलला काटा चढायचा, हायवेला उतरायचा

माझ्या 1969 च्या शेवरोले कॅमॅरोत 350 क्युबिक इंचाचं स्मॉल ब्लॉक इंजिन आहे, म्हणजे 5.7 लिटरचं व्ही-8. गाडी पळत असली की टेम्परेचरचा काटा 85 डिग्री सेल्सिअसवर निवांत, आणि सिग्नलला थांबलं की तीन-चार मिनिटांत 105 कडे चढायला लागायचा. मी काय केलं तर आधी मोठा अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर आणला. जुना तांब्या-पितळेचा गळतच होता त्यामुळे बदलायचाच होता, पण सिग्नलचा प्रॉब्लेम होता तसाच राहिला.

मग शांतपणे विचार केला की गाडी नेमकी तापते कधी. वेगात असताना हवा आपोआप रेडिएटरमधून घुसते, उभी असताना ती फक्त फॅनने ओढायची असते. म्हणून आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) तापत असेल तर हवेची बाजू बघायची, आणि हायवेला तापत असेल तर पाण्याची, म्हणजे चोक झालेला रेडिएटर, वॉटर पंप, किंवा खालचा होज जो जास्त आरपीएमला आत चिपकतो (त्यात स्प्रिंग असते ती गंजून गेलेली असते बऱ्याचदा).

माझ्या गाडीला फॅन श्राउडच नव्हता, म्हणजे रेडिएटर आणि फॅनच्या मधलं फॅनभोवतीचं आवरण, आधीच्या कोणीतरी काढून ठेवला असणार. श्राउड नसला की फॅन समोरून थंड हवा ओढायच्या ऐवजी पात्यांच्या टोकांवरून मागचीच गरम हवा फिरवत बसतो. श्राउड बसवला, पाती अर्धी आत अर्धी बाहेर आणि कडेला साधारण इंचभर गॅप. रेडिएटरच्या बाजूच्या फटी फोमच्या पट्टीने बंद केल्या. फॅन क्लचही (इंजिन गरम झालं की फॅनला घट्ट धरून फिरवणारा भाग) गेला होता, गरम इंजिन बंद करून हाताने फिरवला तर सुळकन फिरत होता, तो जड लागायला हवा. एवढ्यावरच सिग्नलचा काटा 95 ला थांबायला लागला!!

इलेक्ट्रिक फॅन का नाही असं बरेच जण विचारतात. मोठा फॅन आरामात 30 अँपिअर खातो आणि त्या काळचा अल्टरनेटर असतो 37 चा, रात्री हेडलाइट लावून आयडलला उभं राहिलं की बॅटरी संपलीच समजा. लावायचा तर अल्टरनेटर, जाड वायर, रिले सगळंच बदला.

आता एक गोष्ट जिच्याकडे कोणी बघतच नाही, ती म्हणजे टायमिंग, स्पार्क नेमका कधी पडतो ते. व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्सची (इंजिनच्या व्हॅक्यूमने स्पार्क लवकर पाडणारी) नळी कार्बोरेटरच्या पोर्टेड नळीला होती, जिथे आयडलला व्हॅक्यूमच नसतो, म्हणजे तेव्हा व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्स शून्य, स्पार्क उशिरा, आणि जळण उशिरा झालं की ती उष्णता एक्झॉस्ट पोर्टमधून हेडच्या पाण्यात जाते. नळी मॅनिफोल्ड व्हॅक्यूमला लावली, जो आयडललाही असतो, आयडल परत सेट केला, अजून चार डिग्री कमी. फुकटात.

थर्मोस्टॅट (ठरावीक तापमानाला उघडून पाणी रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह) मात्र 82 चाच ठेवला. 71 चा लावून गाडी थंड राहत नाही, तो फक्त लवकर उघडतो, पूर्ण उघडल्यावर पुढचं सगळं रेडिएटरवर.

ब्लॉक फ्लश करताना दोन्ही बाजूंचे ड्रेन प्लग काढा, नुसता रेडिएटर रिकामा करून ब्लॉकमधलं पाणी निघत नाही. माझा एक प्लग काढला तर थेंबसुद्धा आला नाही, आत गंजाचा थर बसलेला, तारेने टोचल्यावर चहासारखं पाणी आलं. नंतर कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं, कारण नळाच्या पाण्यातले क्षार अ‍ॅल्युमिनियमला खातात.

काल मुद्दाम वीस मिनिटं उभी करून चालू ठेवली. 91.