न्यायासनावर बसून आलेला वकील आधी काय विचारतो

सोलापुरात वकिली केलेला, पुढे कौटुंबिक न्यायालयात न्यायाधीश झालेला आणि निवृत्तीनंतर परत काळा कोट चढवलेला माणूस पक्षकाराला भांडण उशिरा विचारतो. आधी विचारतो: लग्न कुठे लागलं, शेवटचं एकत्र कुठे राहिलात, आत्ता मुक्काम कुठे? लग्न अक्कलकोटला, संसार सोलापुरात, आता बार्शीला माहेरी, असं असेल तर अर्ज कुठे टाकायचा हे याच उत्तरांवर ठरतं. कौटुंबिक न्यायालयाची हद्द अधिसूचनेने ठरते. हद्दीबाहेर घटस्फोट दिवाणी न्यायालयात आणि पोटगी दंडाधिकाऱ्यांकडे.

कौटुंबिक न्यायालयाच्या न्यायाधीशपदासाठी १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्यानुसार किमान ७ वर्षं न्यायिक पद किंवा ७ वर्षं उच्च न्यायालयाची वकिली लागते आणि वयाच्या ६२ व्या वर्षी पद सुटतं. निवृत्तीआधीची ३ वर्षं जिथे न्यायदान केलं, त्या भागात पुढची २ वर्षं वकिली करता येत नाही. हा नियम रास्तच आहे. कालपर्यंत ज्यांच्यापुढे निकाल दिले, त्यांच्याच बाजूने लगेच उभं राहणं बरं दिसत नाही.

कौटुंबिक न्यायालयात वकील हक्काने उभा राहू शकत नाही, त्यासाठी परवानगी घ्यावी लागते. आधी समेटाचा प्रयत्न होतो, समुपदेशक दोघांना भेटतात. म्हणून अर्जात सासरच्या सात पिढ्यांचा उद्धार करण्यात अर्थ नसतो. तारखा, ठिकाणं, मुलांचं वय, शाळेचा खर्च आणि मागणीचा आकडा एवढं नीट लिहिलं की पुरतं.

खरी मेहनत उत्पन्नाच्या शपथपत्रावर घ्यावी लागते. ‘रजनेश विरुद्ध नेहा’ या २०२० च्या निकालानंतर पोटगीच्या प्रकरणात दोघांनाही मालमत्ता आणि देणी उघड करावी लागतात. उत्तर द्यायला जास्तीत जास्त ४ आठवडे, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मोजायची. पण आपल्याकडे पगारपत्रक कुणाकडे असतं? यंत्रमागावर आठवड्याला मजुरी घेणारा नवरा ‘मला काहीच मिळत नाही’ म्हणतो. अशा वेळी बँकेचं पासबुक, मोबाईलवरून आलेल्या पैशांच्या नोंदी, गाडीच्या कर्जाचे हप्ते, घरभाडं हे कागद जोडावेत. माग स्वतःचे असतील तर कारखान्याचं वीजबिल आणि जीएसटीची विवरणपत्रंही. बायको विड्या वळत असेल तर हजारी (दर हजार विड्यांमागे मिळणारी) मजुरी लपवू नये. ती कमावते एवढ्यावरून पोटगी बुडत नाही. मात्र लपवलेली कमाई उलटतपासणीत बाहेर आली, की तिच्या बाकीच्या खऱ्या बोलण्यावरचाही विश्वास उडतो. हे नुकसान भरून काढणं फार अवघड.

हुकूम मिळाला की अनेकजणी थांबतात, आणि तिथेच घोटाळा होतो. फौजदारी प्रक्रिया संहितेचं पूर्वीचं पोटगीचं कलम १२५, म्हणजे १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४, याखालची थकबाकी वॉरंटने वसूल करायची तर रक्कम देय झाल्यापासून १ वर्षाच्या आत अर्ज हवा. ‘देतो, देतो’ ऐकत दीड वर्ष गेलं, तर आधीच्या सहा महिन्यांसाठी ही वाट बंद. दर तीन-चार महिन्यांनी वसुलीचा अर्ज टाकावा, नाती कितीही अवघड वाटली तरी.

परस्पर संमतीच्या घटस्फोटात किमान १ वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. अर्जानंतर थांबायची ६ महिन्यांची मुदत २०१७ च्या ‘अमरदीप सिंग’ निकालामुळे योग्य प्रकरणात माफ होऊ शकते. अटी लिहिताना स्त्रीधनाची यादी वजनासकट द्यावी, ‘सर्व दागिने’ असं मोघम नको. छळाची फिर्याद असेल तर ती रद्द करून घ्यायला उच्च न्यायालयात जावं लागतं. १८ ऑगस्ट २०२५ पासून सोलापूरकरांसाठी ते मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचपुढे. जाणते वकील रकमेचा शेवटचा हप्ता त्याच दिवसाला बांधतात: फिर्याद रद्द, त्याच दिवशी डीडी हातात.