अस्वल आणि बेअरिंग

केंद्रप्रमुख भेटीला आले की हमखास सहावीच्याच वर्गात बसतात, कारण आमच्या शाळेत धड चालणारा पंखा तिथेच आहे. त्या दिवशी तिथे माझा इंग्रजीचा तास होता. साहेबांनी पुढच्या बाकावरच्या एका मुलाला पुस्तक दिलं आणि म्हणाले, "वाच."

पोरगं उभं राहिलं आणि खणखणीत आवाजात वाचलं, "द बिअर केम आउट."

अस्वलाऐवजी बाटली बाहेर आली म्हटल्यावर वर्ग खिदळला. साहेबही. "अरे, बिअर कुठून आली?"

"बाईंनीच शिकवलंय."

खरं होतं ते. आदल्याच आठवड्यात मी फळ्याच्या कोपऱ्यात पिवळ्या खडूने चौकट काढून लिहिलं होतं की ई-ए-आर दिसलं की 'इअर' म्हणायचं. हिअर, निअर, फिअर, क्लिअर. त्याने माझा नियम इमानेइतबारे लावला होता. चूक माझी आणि हसू मात्र त्याचं.

"हा अपवाद आहे" हे आम्हा इंग्रजीच्या शिक्षकांचं ठेवणीतलं वाक्य. ते माझ्या ओठांवर आलंच होतं, तेवढ्यात पोरगं म्हणालं, "बाई, बेअरिंगच्या खोक्यावर पण हेच असतंय."

आमची शाळा जिल्हा परिषदेची, चाकणच्या एमआयडीसीला लागून. निम्म्या मुलांचे आईवडील कंपनीत, उरलेल्यांचं काही ना काही रस्त्यावरच्या गाड्यांवर चालतं. याच्या वडिलांचं गॅरेज. तो फळ्याशी आला आणि खोकं डोळ्यांसमोर आणून एकेक अक्षर काढलं: बी, ई, ए, आर, आय, एन, जी. मग 'आयएनजी'वर तळहात ठेवून ते झाकलं. उरलं ते अस्वल.

"मग याला बिअरिंग का नाही म्हणत?"

मी खडू त्याच्याच हातात राहू दिला. म्हटलं, गाडीत अजून कुठे ई-ए सापडतंय? मग वर्ग आवरेना. सीट, हेडलाइट, गिअर, हीटर, ऑइल लीक. कुणीतरी 'ब्रेक' ओरडलं. गाडीच्या ब्रेकमध्ये ई-ए नसतं, पण कंपनीतल्या टी-ब्रेकमध्ये असतं, आणि तेही दोनदा: 'टी'मध्ये त्याचा ई होतो, 'ब्रेक'मध्ये ए. 'हेड'मध्ये आखूड ए, 'बेअरिंग'मध्ये आणखी वेगळा. हे सगळे उच्चार पोरांच्या तोंडात आधीपासून बरोबर होते, ते कुणीही शिकवले नव्हते. मी स्वतः एबीसीडी पाचवीत शिकले. ही पोरं पहिलीपासून इंग्रजी शिकतात, कारण 2000 साली ते राज्यभर पहिलीपासून आलं. तरी कानाने आलेलं आणि पुस्तकातलं हे एकच इंग्रजी आहे, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

साहेब आता खरंच रंगले होते. "पण असं का?"

मला माहीत होतं तेवढं सांगितलं. इंग्रजीत स्वरांची अक्षरं पाच, आणि ब्रिटिश धाटणीच्या उच्चारात स्वर मोजले तर वीसेक. पाच भांड्यांत वीस भाज्या. त्यात कॅक्स्टनने इंग्लंडमध्ये छापखाना आणला 1476 साली, आणि पुढे छापील स्पेलिंगं हळूहळू घट्ट होत गेली. लोकांच्या तोंडातले दीर्घ स्वर मात्र साधारण 1700पर्यंत जागा बदलत राहिले. मांसाचं 'मीट' पूर्वी ए आणि ॲ यांच्या मधल्या लांब स्वरात म्हणायचे. तसले बहुतेक शब्द सरकत ई-पाशी पोचले. ग्रेट, ब्रेक, स्टेक वाटेतच थांबले. हेड आणि ब्रेड आखडले. बेअर, वेअर यांना शेवटच्या आर-ने मागे धरून ठेवलं. स्पेलिंग मात्र सगळ्यांचं जुन्याच पत्त्यावर.

"आपली मराठी बरी बाबा," साहेब म्हणाले. "लिहिलंय तसं बोलायचं." मीही मान डोलावली. हे वाक्य मी वर्गात किती वेळा म्हटलंय, देव जाणे.

खिडकीजवळची मुलगी उठली. दोन वर्षांपूर्वी बिहारहून आलेली, एरवी हजेरीपुरतंच बोलणारी. "सर, मग चमचा?"

"चमच्याचं काय?"

"मी चमचा बोलली की सगळे हसतात." तिने चहातला च लावून 'चमचा' म्हणून दाखवला आणि वर्ग परत हसला. ती थांबली नाही. "चहा बोलताना जीभ वर टाळूला लागते. तुम्ही चमचा बोलता तेव्हा दाताला लागते. लिहायला च एकच. मला कसं कळणार?" मग जरा विचार करून, "आणि दोन चमचे बोलता तेव्हा शेवटचा च परत चहाचा होतो."

मी मनातल्या मनात म्हणून बघितलं. चमचा, चमचे. होतोय की! चौदा वर्षं शिकवतेय, जन्मापासून बोलतेय, आणि हे कधी कानावर आलं नव्हतं. तिला मात्र दोन वर्षं रोज खिचडीच्या रांगेत हसू ऐकून ते पाठ झालं होतं.

मी तिला विचारलं, आणखी कुठे अडतं? "जग," ती लगेच म्हणाली. दुनियेचा जग आणि पाण्याचा जग. हे दोन्ही तिने फळ्यावर लिहिले, एकाखाली एक, हुबेहूब सारखे, अगदी माझ्या पिवळ्या चौकटीला खेटून.

घंटा झाली तरी कुणी उठेना. साहेबांनी शेरेबुक मांडीवर उघडलं होतं, पेनाचं टोपण काढलं होतं, आणि कागदाकडे बघत ते ओठांतल्या ओठांत म्हणत होते: चमचा, चमचे, चमचा.