परातीत दोन बोटं पाणी

संध्याकाळी मुलं घ्यायला आलेले आईबाबा दारातच उभे असतात. कुणाच्या अंगातून लोकलची गर्दी अजून उतरलेली नसते, कुणाच्या हातात भाजीची पिशवी असते. बाळ माझ्या कडेवरून त्यांच्याकडे झेपावतं आणि मग तो प्रश्न येतोच. "काकू, हा तुमच्याकडे दिवसभर काय खेळतो? घरी एवढी खेळणी आहेत, पण दहा मिनिटं रमत नाही. तुम्ही कुठून मागवता?"

डोंबिवलीत पाळणाघर चालवायला लागून मला चौदा वर्षं झाली. दारात उभ्या उभ्या या प्रश्नाचं अर्धंमुर्धं उत्तर मी किती जणांना दिलं असेल! म्हणून आज बसून सविस्तर लिहिते. बोलणार आहे ते मुख्यतः सहा महिन्यांपासून दोन-अडीच वर्षांपर्यंतच्या मुलांबद्दल.

मी फारसं काही मागवत नाही. माझ्या ओट्याखालचा सगळ्यात खालचा कप्पा मुलांचा आहे. त्यात आत्ता दोन स्टीलच्या वाट्या आहेत, एक पितळी फुलपात्र, लाकडी रवी, लाकडी उलथनं, घासून गुळगुळीत केलेली करवंटी, वेताची छोटी टोपली, वाळलेल्या घोसाळ्याची जाळी आणि आईने विणलेला क्रोशाचा रुमाल. आठ-दहा वस्तू, जास्त नाहीत. दर सोमवारी त्यातल्या दोन-तीन काढते आणि दुसऱ्या ठेवते. पितळ हाताला जड आणि गार लागतं, रवी हलकी, घोसाळं खरखरीत, करवंटीला अजून खोबऱ्याचा वास आहे. प्लास्टिकच्या दहा खेळण्यांचे रंग दहा असतात, पण तोंडात घातली की ती सगळी एकच. आणि या वयात तोंड हाच मोठा हात. जिभेने आणि ओठांनी बाळाला जेवढं कळतं तेवढं अजून बोटांनी कळत नाही. म्हणून "सारखं तोंडात घालतो" ही तक्रार माझ्याकडे कुणी केली, की मी म्हणते, घालू दे. फक्त काय घालतो ते आपण ठरवायचं.

इंग्लंडमध्ये एलिनॉर गोल्डश्मीड नावाच्या बाई होत्या. त्यांनी नुकत्याच बसायला लागलेल्या बाळांसाठी अशीच एक टोपली सुचवली होती, घरातल्या साध्या वस्तूंनी भरलेली, प्लास्टिक नसलेली. मोठ्या माणसाने जवळ बसायचं, पण शिकवायचं नाही, हे त्या आवर्जून सांगत. मला त्यांच्याबद्दल कळलं ते पाळणाघर सुरू केल्यावर बऱ्याच वर्षांनी. पण हा जवळ बसण्याचा मुद्दा मला आधीच एका नऊ महिन्यांच्या मुलीने शिकवला होता.

तिला मी वाटी दिली होती आणि शेजारी घेवडा मोडत बसले होते. तिने वाटी आधी चाटली. मग फरशीवर आपटली. ठण्ण! परत आपटली. परत ठण्ण. मग जरा सरकली आणि चटईवर आपटली. आवाज आलाच नाही. ती थांबली. वाटी उलटी करून आत पाहिलं, जणू आवाज आत कुठे अडकला असेल. पुन्हा चटईवर आपटली, गप्प. मग हात लांब करून फरशीवर आपटली आणि ठण्ण झाल्याबरोबर तिने माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. त्या क्षणी मी "अरे वा, शाब्बास" करून टाळ्या पिटल्या असत्या, तर तिचं लक्ष वाटीवरून उठून माझ्यावर आलं असतं. मी नुसती हसले. ती पुढची वीस मिनिटं फरशी, चटई, टोपली, स्वतःची मांडी, सगळीकडे वाटी वाजवून बघत होती.

तुमचं बाळ घरी दहा मिनिटं रमत नाही, त्याचं एक कारण बहुतेक हेच आहे. ते रमायला लागलं की आपण मध्ये पडतो. "हे बघ, असं कर." "हा कुठला रंग?" नाहीतर चांगलं खेळतोय म्हणून फोन काढून फोटो. मी कुणाला दोष देत नाही. दिवसभर दूर राहिलेल्या आईबापाला बाळाशी बोलावंसं वाटणारच. पण बाळ एखाद्या गोष्टीत बुडलेलं असतं तेव्हा त्याला आपलं नुसतं असणं पुरतं.

अगदी लहान बाळाला यातलं काही लागत नाही. नवजात बाळाला वीस ते तीस सेंटिमीटरवरचं त्यातल्या त्यात बरं दिसतं, म्हणजे वीत-सव्वा वीत. अंगावर पिताना आईचा चेहरा असतो तेवढंच अंतर. पाटीवर खडूने जाड रेघा किंवा मोठे ठिपके काढून तेवढ्या अंतरावर धरा, ते टक लावून पाहतं. आपल्या आज्यांनी पाळण्यावर चिमणाळं टांगलं ते उगाच नाही. पालथं घालायला लागलात की खाली गोधडी घाला, शक्यतो जुन्या साड्यांची. मी एक मुद्दाम शिवून घेतली आहे. त्यात मऊ मलमल, टर्किश टॉवेल, खणाचा तुकडा, जीन्सचा पाय आणि एका साडीचा जरीचा काठ आहे. बटण, टिकली, मणी एकही नाही. चार-पाच महिन्यांची बाळं त्या जरीच्या काठावर नखं घासत बसतात.

आता मुलांना खेळायला देते त्या तांदळाच्या उकडीबद्दल, कारण सगळ्यात जास्त विचारणा तिचीच होते.

खेळायच्या पिठाच्या ज्या कृती फिरत असतात, त्यात बहुतेक वेळा मैद्याच्या निम्मं मीठ असतं. लहान मुलं ते खातात, आणि एवढं मीठ त्यांच्या पोटात जाणं खरोखर धोक्याचं आहे. नुसती कच्ची कणीकही खाण्याजोगी नसते, तिच्यात जंतू असू शकतात. मग मला मोदक आठवले. उकड शिजलेली असते, मऊ असते, आणि पोटात गेली तरी तांदूळच. वाटीभर पाणी उकळायचं, त्यात चमचाभर तेल, मग वाटीभर तांदळाची पिठी. ढवळून झाकण ठेवायचं, एक वाफ आणायची आणि ताटात काढून तेलापाण्याच्या हाताने मळायची. मीठ घालायचं नाही. मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायची आणि कोमट असतानाच द्यायची. तो कोमटपणा हा अर्धा खेळ आहे. मूल तळवा टेकवतं आणि तसंच ठेवतं, गोळा गार होईपर्यंत. मी वर्ष पूर्ण झालेल्या मुलांनाच देते आणि लाडवाएवढा एकच गोळा देते, छोट्या गोळ्या वळून कधीच नाही, कारण त्या घशाला चिकटू शकतात. उकड त्याच दिवसापुरती. ओल्या फडक्यात गुंडाळली तर दुपारपर्यंत मऊ राहते, मग तडकते आणि मी टाकून देते.

रंग हवा तर एका गोळ्यात बिटाचा रस, एकात पालकाचा, एकात हळद. हळदीच्या गोळ्याने खेळून झाल्यावर साबणाने हात धुताना गंमत होते. पिवळा तळवा फेसात लालसर होतो. हळदीला चुना लागला की कुंकू होतं, तोच हा प्रकार, साबणाचा क्षार चुन्याचं काम करतो. पावणेदोन वर्षांचा एक मुलगा नळाखाली आपला हात लाल झालेला पाहून इतका गंभीर झाला की त्याने दुसरा हात मागे लपवला. मी माझा तळवा पुढे केला, त्यावर हळद चोळली, साबण लावला. माझाही लाल झाला. मग त्याने दुसरा हात हळूच पुढे केला.

बिटाचा रंग पाण्यात उतरतो, तेलात नाही. हळदीचा उलट, तो तेलाला चांगला धरतो. काचेची नको, जाड प्लास्टिकची छोटी बाटली घ्या. निम्मं बिटाचं पाणी, वर हळद मुरवून गाळलेलं तेल, झाकण घट्ट, त्यावर चिकटपट्टी. खाली गुलाबी, वर पिवळं, आणि हलवलं की गुलाबी थेंब पिवळ्यातून खाली उतरतात. रांगणारी बाळं ती बाटली ढकलत घरभर फिरतात. दोन दिवसांनी मात्र ओतून टाका, बिटाचं पाणी आंबतं आणि बाटली फुगते.

पाणी तर सगळ्यांत उत्तम. परातीत दोन बोटं कोमट पाणी, एक वाटी, एक गाळणी, एक स्पंज. गाळणीतलं पाणी कुठे जातं हे कळेपर्यंत दीड वर्षाचं मूल पन्नास वेळा गाळणी भरतं. फरशी ओली होते, झबलं ओलं होतं, एक टॉवेल धरून चला. पण हेही ऐका. दोन बोटं पाणी बाळ बुडायला पुरेसं असतं. नाकातोंड झाकलं जाईल एवढं पाणीही बुडायला पुरतं. बेल वाजली, कुकरची शिट्टी झाली, फोन आला, काहीही असो, उठायचं असेल तर बाळाला उचलून घेऊन उठायचं. खेळ संपला की परात तिथल्या तिथे उपडी करायची.

माझ्या हातून एक चूक झाली आहे, तीही सांगते. सुरुवातीच्या वर्षांत मी मोठ्या मुलांसाठी ताटात सुके वाटाणे आणि राजमा ठेवला होता, ओतायला, मोजायला. दोन वर्षांची एक मुलगी त्यांच्यात जाऊन बसली. मला वाटलं, बसू दे. संध्याकाळी तिची आई म्हणाली, एकाच नाकपुडीतून पाणी येतंय. वाटाणा आत होता आणि ओलाव्याने फुगला होता. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी तो काढला. त्या माऊलीने मला एक शब्द बोलला नाही, त्यामुळे मला रात्रभर जास्तच लागलं. तेव्हापासून तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाती डाळी, कडधान्यं, शेंगदाणे, मणी देत नाही. रंगवलेल्या तांदळाच्या आणि डाळींच्या ताटांचे फोटो सुंदर दिसतात, पण ती ताटं तुमच्या दहा महिन्यांच्या बाळासाठी नाहीत. नाचणी घालायचीच तर बंद डबीत घाला, खुळखुळा करा, आणि झाकण रोज ओढून बघा.

पाण्यात टाकले की फुगणारे ते रंगीत मोती घरात आणूच नका. गिळले तर पोटात जाऊनही फुगतात आणि आतडं अडवतात. फुटलेल्या फुग्याचा तुकडा, गाणी म्हणणाऱ्या खेळण्यातला चपटा सेल, चुंबक, पावडरचा डबा, कापूर आणि डांबरगोळ्या, हे सगळं मुलांच्या हाताच्या वर. वास द्यायचा तर पुदिन्याची पानं चुरडा, मोगऱ्याचं फूल नाकाशी धरा, लिंबाची साल मोडा.

काही मुलांना यातलं काहीच आवडत नाही. उकडीला बोट लागलं की रडतात, वाळूत पाय टेकवत नाहीत, चिकट भाताला हात लावत नाहीत. अशा मुलाचं मनगट धरून हात आत दाबू नका, मी हात जोडून सांगते. एका मुलाला मी चमचा दिला होता, त्याने तीन आठवडे चमच्यानेच उकड टोचली. चौथ्या आठवड्यात चमच्याला लागलेला कण त्याने बोटाने काढला, निरखला आणि माझ्या फ्रॉकला पुसला. फ्रॉक म्हणजे माझा एप्रन, तो त्याला फ्रॉकच म्हणायचा. जेवण, आंघोळ, कपडे अशा रोजच्या गोष्टींतही हे आडवं येत असेल, तर मात्र बालरोगतज्ज्ञांना जरूर सांगा.

मी एकदा कोसबाडला जाऊन आले आहे, डहाणूजवळ. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीत गावातल्या लहान मुलांना शिकवायचं काम सुरू केलं आणि 1957 मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. माँटेसरीची महागडी साधनं गावातल्या मुलांना कुठून आणणार, म्हणून त्यांनी खडे, शंख-शिंपले, पानं, बिया हाती घेतल्या आणि मुलांना अंगणातच शिकवलं. त्यांची मुलं माझ्या मुलांपेक्षा मोठी होती, त्यामुळे बिया चालायच्या. पण त्या टेकडीवर उभं राहून मला वाटलं होतं, की माझ्या ओट्याखालचा कप्पा हेही एक अंगणच आहे.

मागच्या महिन्यात एका बाबांनी दारात हाच प्रश्न विचारला. मी त्यांच्या हातात कप्प्यातली रवी दिली आणि म्हटलं, ही शनिवार-रविवार घरी न्या, तिच्यासमोर ठेवा, आणि शेजारी खाली बसा. मुलगी अकरा महिन्यांची. सोमवारी संध्याकाळी ते आले, रवी परत दिली आणि म्हणाले, "काकू, खुर्चीवरून सतरा वेळा खाली टाकली. मी मोजलं. आधी ती नुसती रवीकडे बघायची. सतराव्यांदा तिने आधी माझ्याकडे पाहिलं, आणि मग टाकली."

हे सांगताना ते चप्पल काढून आत येऊन चटईवर बसले होते.